मीटर म्हणतंय सगळं ठीक, आणि तीन नंबर भाजतोय: एअर-कूल्ड इंजिनच्या टायमिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 1968 ची फोक्सवॅगन बीटल. मूळचं 1500 चं इंजिन कधीच गेलेलं, त्या जागी नंतरच्या काळातलं 1600 ड्युअल पोर्ट बसवलेलं (85.5 बोअर, 69 स्ट्रोक, म्हणजे कागदावर 1584 सीसी), वर कार्बोरेटर 34 पिक्ट-3. पण इंजिन बदलताना फॅनचं हाउसिंग (फॅनची हवा सिलेंडरवर नेणारं पत्र्याचं खोकं) मात्र जुनंच ठेवलं, म्हणजे ज्यात ऑइल कूलर हाउसिंगच्या आतच उभा असतो ते. आता या रचनेची जुनी खोड अशी की तीन नंबरच्या सिलेंडरला (डाव्या बाजूचा, गाडीच्या नाकाकडचा) मिळणारी बरीच हवा आधी कूलरमधून जाते, म्हणजे ती गरमही झालेली असते आणि कमीही असते, त्यामुळे तीन नंबर कायम इतरांपेक्षा तापलेला. 1971 पासून कंपनीने कूलर मागे सरकवून त्याला वेगळी वाट काढून दिली ती यासाठीच. या गाडीत ती सुधारणा नव्हती.

मालक शिकलेला, हौशी, गाडीचं बरंच काम स्वतः करणारा माणूस. डॅशवर दोन मीटर लावलेले, एक ऑइलच्या तापमानाचा आणि एक हेडच्या (सिलेंडरवरचं झाकण, ज्यात प्लग आणि व्हॉल्व्ह असतात) तापमानाचा डिजिटल, त्याचा सेन्सर म्हणजे प्लगखाली वॉशरच्या जागी बसणारं रिंगचं थर्मोकपल, आणि ते बरोबर तीन नंबरलाच लावलेलं. म्हणजे हा काही बेफिकीर माणूस नव्हता हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तसं वाटेल.

जुना डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) व्हॅक्युमवाला होता, म्हणजे इंजिनच्या ओढीप्रमाणे टायमिंग (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते) बदलणारा; त्याचा डायफ्रॅम फाटला. त्याच्या जागी 009 च्या धाटणीचा नवा डिस्ट्रिब्युटर आला, बॉशचा नाही, नंतर कुणीतरी बनवलेली कॉपी. 009 मध्ये व्हॅक्युमची भानगडच नाही, फक्त आतली वजनं फिरून आरपीएमप्रमाणे टायमिंग पुढे नेतात. साधा, टिकाऊ, सहज मिळतो, म्हणून सगळ्यांना आवडतो.

नेमकं काय होत होतं

डिस्ट्रिब्युटर बदलल्या बदलल्या गाडी उचल घेताना अडखळायला लागली. सिग्नलवरून निघताना पाय दाबला की अर्धा क्षण काहीच नाही आणि मग एकदम धक्का. हे 34 पिक्ट-3 आणि 009 या जोडीचं अगदी नेहमीचं दुखणं आहे, ज्यांनी ही जोडी वापरलीय त्यांना सांगायलाच नको. कार्बोरेटर व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स गृहीत धरून बनवलेला, थ्रॉटल जरासा उघडला की टायमिंग लगेच पुढे सरकणार अशी त्याची अपेक्षा, आणि 009 ला थ्रॉटल उघडलाय हे कळतच नाही, त्याला फक्त आरपीएम कळतात, आणि ते तर अजून वाढलेलेच नाहीत.

मेकॅनिकने यावर जे बहुतेक जण करतात तेच केलं, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला. या इंजिनात रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे बॉडी उलट्या दिशेने फिरवली की अ‍ॅडव्हान्स वाढतो. अडखळणं बरंच कमी झालं, गाडी तरतरीत वाटायला लागली. टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावून बघितलं तर आयडलला टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) आधी 12 अंश. मालकाने विचारलं, जास्त नाही ना होत हे? तर उत्तर मिळालं, “अहो साहेब, साडेसातच्या जागी बारा केलंय, चार-पाच अंशाने काय होतंय!”

काही महिने छान गेले. मग उन्हाळ्यात घाट चढताना दर वेळी वरच्या टप्प्यात गाडी मलूल व्हायला लागली, ऑइल 118 अंश सेल्सियसपर्यंत जायचं, आणि हेडचा मीटर दाखवायचा 185. रिंगच्या थर्मोकपलवर मी साधारण असं धरतो की सपाटीवर 160 ते 190 ठीक, चढावर थोडा वेळ 200-205 चालेल, 230 च्या आसपास गेलं तर गाडी बाजूला घ्यायची. त्या हिशोबाने 185 म्हणजे उत्तमच. म्हणून मालकाचं निदान ठरलं की हेड थंड आहे, ऑइल गरम आहे, म्हणजे ऑइल कूलर कमी पडतोय, बाहेरून एक जादाचा कूलर आणि त्याला इलेक्ट्रिक फॅन लावायचा. तो ऑर्डर करण्याच्या आधी त्याने मला विचारलं.

मी म्हटलं आधी प्लग काढून बघ. तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे-करडे ठिपके होते, मिरपूड भुरभुरवावी तसे, आणि भिंगाखाली त्यातले एक-दोन चमकत होते. चमकणारा ठिपका म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम, आणि ते प्लगवर येतं डेटोनेशनमुळे, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी शेवटचा भाग एकदम फुटतो तेव्हा. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत हा टिणटिण आवाज ऐकू येतो, बीटलमध्ये फॅनच्या आणि पत्र्याच्या गोंगाटात बहुतेक वेळा काहीच कळत नाही. नंतर थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा हात यांच्यातली गॅप) तपासले. सगळे 0.15 मिमीच्या आसपास, आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट मात्र 0.08, म्हणजे फिलर गेजची 0.10 ची पातीसुद्धा आत जाईना. एक्झॉस्टची गॅप अशी कमी होत जाते तेव्हा व्हॉल्व्ह लांबतोय किंवा त्याची सीट आत बसतेय, आणि दोन्हीचं कारण उष्णताच.

प्लग सांगतोय हेड भाजतंय, टॅपेट सांगतोय हेड भाजतंय, आणि मीटर सांगतोय 185.

पहिला निर्णय: मीटरवर विश्वास ठेवायचा का

मालकाचा मीटरवर पक्का विश्वास होता, आणि त्याला कारणही होतं. त्याने बसवायच्या आधी रिंग उकळत्या पाण्यात धरून बघितली होती, बरोबर 99-100 दाखवलं. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी मीटर हवेचंच तापमान दाखवायचा. माणूस अजून काय तपासणार?

मी वायरीच्या मागे लागलो. रिंगबरोबर आलेली थर्मोकपलची वायर डॅशपर्यंत पुरत नव्हती (इंजिन मागे, डॅश पुढे, बीटलमध्ये हे सगळ्यांचंच होतं), म्हणून त्याने इंजिनच्या खोलीतच, फॅन हाउसिंगच्या कडेला, साधी तांब्याची वायर जोडून पुढे नेली होती. जोड सुंदर केलेला, सोल्डर, वर स्लीव्ह, झिप टायने नीट बांधलेला. आणि तोच घोळ होता.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांच्या तापमानातला फरक मोजतं. एक टोक प्लगखाली, दुसरं टोक जिथे थर्मोकपलची खास धातूची वायर संपून तांबं सुरू होतं तिथे. डिजिटल मीटर स्वतःच्या पाठीमागचं तापमान ओळखतो आणि तेवढं मिळवून आकडा दाखवतो, पण त्याला वाटतं की दुसरं टोक त्याच्याच पाठीमागे आहे. इथे ते टोक होतं इंजिनच्या खोलीत. डॅशपाशी 38 आणि जोडापाशी 70 असेल तर मीटर सरळ 32 अंश कमी दाखवणार, आणि इंजिनची खोली जेवढी जास्त तापेल तेवढी ही चूक वाढत जाणार, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच मीटर सगळ्यात जास्त खोटं बोलणार. सकाळी थंड गाडीत जोड आणि डॅश दोन्ही एकाच तापमानाला, म्हणून चूक शून्य. उकळत्या पाण्याची चाचणीसुद्धा थंड गाडीतच केलेली, म्हणून तीही पास.

हे नुसतं सांगून मालकाला पटेना. मग गाडी फिरवून आणली, चांगली तापवली, मागचं झाकण उघडून इंजिन आयडलवरच ठेवलं आणि एक ओलं फडकं त्या जोडाभोवती गुंडाळलं. मालक पुढे सीटवर मीटर बघत बसला होता. तो मोठ्याने आकडे वाचत होता, 151, 151, 153, 158, आणि 170 च्या पुढे गेल्यावर वाचायचा थांबला आणि उतरून मागे आला. हेडला कुणी हातही लावला नव्हता, फक्त वायरचा जोड गार केला होता.

म्हणजे घाटातला 185 हा खरा साधारण 215 ते 220 होता.

जुने सुईवाले मीटर असतील तर अजून एक गोष्ट, त्यातल्या बऱ्याच जणांना ही भरपाई करताच येत नाही, ते आपलं दुसरं टोक एका ठरावीक तापमानाला आहे असं धरूनच चालतात, त्यामुळे उन्हाळ्यात केबिन तापली की तेही कमी दाखवतात. शिवाय त्यांची वायर कापायची नसते, जास्तीची असेल तर वेटोळं करून ठेवायची, कारण त्या वायरच्या रेझिस्टन्सवरच मीटर कॅलिब्रेट केलेला असतो.

दुसरा निर्णय: पुलीवरच्या खुणा

मीटरचं कळल्यावर मालक म्हणाला मग टायमिंग दोन अंश मागे घेऊ आणि बघू. मी म्हटलं थांब, मागे घ्यायचं ते कुठून? गाडीवर अंशांच्या खुणा असलेली बाजारातली पुली होती, कंपनीची नाही. अशा पुल्यांची टीडीसीची खूण बरोबर असेलच याची खात्री नसते, आणि ते तपासायला फार काही लागतही नाही.

बॅटरीची वायर काढली, सगळे प्लग काढले, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावला (जुन्या प्लगची आतली चिनी माती काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला तरी चालतं), आणि पुली हाताने, अगदी हळू, पिस्टन टेकेपर्यंत एका बाजूला फिरवली, केसिंगच्या जोडरेषेसमोर पुलीवर खूण केली, मग उलट्या बाजूला टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण केली. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरं टीडीसी. पुलीवर कोरलेलं टीडीसी त्यापासून 3 अंश बाजूला निघालं, आणि तेही वाईट बाजूला, म्हणजे लाईटमध्ये 12 दिसत होतं तेव्हा खरं होतं 15.

अंशांच्या खुणा नसलेल्या पुलीवर खुणा करायच्या असतील तर पुलीचा घेर टेपने मोजून 360 ने भागायचा. घेर 540 मिमी असेल तर एक अंश म्हणजे दीड मिमी, 30 अंश म्हणजे 45 मिमी, कागदाच्या पट्टीवर आखून चिकटवली तरी काम होतं.

मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच) 0.4 मिमीवर आणि ड्वेल (तो किती अंश बंद राहतो ते) बघून घेतलं, कारण पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग पण हलतं, तेव्हा ते आधी आणि टायमिंग नंतर, उलटं केलं तर दोनदा काम. आणि शेवटी ते केलं जे आजवर कुणीच केलं नव्हतं, आरपीएम 3500 पर्यंत नेऊन टोटल (आयडलचा आणि वजनांनी वाढवलेला मिळून) अ‍ॅडव्हान्स मोजला. लाईटमध्ये 36. खरा 39.

या इंजिनाला फुल थ्रॉटलवर 28 ते 32 च्या आसपास पुरतात. 009 साठी साधारण 30 धरून चला. इथे 39 होते, घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेला. मिश्रण वेळेच्या इतकं आधी पेटलं की पिस्टन अजून वर येतच असतो आणि तिकडे दाब आणि ज्वाला टोकाला पोचलेली असते, त्या तापलेल्या दाबाखालच्या वायूची सगळी उष्णता हेडच्या भिंतीत शिरते. पाण्याच्या इंजिनात पाणी थोडं सांभाळून घेतं. इथे फक्त पंख (सिलेंडर-हेडवरच्या धातूच्या पातळ कडा) आणि हवा.

आयडलचा आकडा बघून टायमिंग लावायची सवय या गाड्यांमध्ये इतकी मुरलीय की सांगून सोय नाही. ओरिजिनल डिस्ट्रिब्युटर नवा असताना ते ठीकच होतं, कारण आयडलला अमुक म्हणजे वर तमुक हे ठरलेलं होतं. कॉपी डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं-स्प्रिंगा कशा असतील, किती अंश फिरतील, त्याचा भरवसा नाही. या नगात 24 अंश फिरत होते. म्हणून 009 असेल तर वरचा आकडा आधी लावायचा आणि आयडलला जे येईल ते येईल.

समोर कोणते पर्याय होते

एव्हाना पाच-सहा वाटा दिसत होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूने कुणी ना कुणी बोलत होतं.

बाहेरचा ऑइल कूलर हा मालकाचा लाडका पर्याय. वाईट नाही, पण इथे तो लावला असता तर ऑइल 105 वर आलं असतं, मालक खूश झाला असता, आणि तीन नंबरचं डेटोनेशन तसंच चालू राहिलं असतं. ऑइलचा आकडा हाच एक खरा इशारा या गाडीत शिल्लक होता आणि तोच आपण बंद करणार होतो. म्हणून सध्या नाही.

009 ठेवायचा, टोटल 30 वर आणायचा. फुकटात होतं आणि लगेच होतं. पण मग आयडलला 6 अंश राहतात आणि अडखळणं परत येतं. आयडल जेट मोठा करून, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा फवारा वाढवून ते बरंच झाकता येतं, पण पूर्ण जात नाही.

जुना व्हॅक्युम डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करायचा. मला मनापासून आवडला असता हा पर्याय, पण त्याचा तो दोन नळ्यांचा डायफ्रॅम मिळाला नाही आणि शाफ्टच्या बुशमध्ये पण ढिलाई होती, म्हणजे पॉइंटची गॅपच स्थिर राहिली नसती.

एका नळीचा व्हॅक्युम डिस्ट्रिब्युटर, ज्यात वजनं पण आहेत आणि व्हॅक्युम पण. 34 पिक्ट-3 बरोबर हाच बसतो.

नवीन फॅन हाउसिंग, मागे कूलर असलेलं. तीन नंबरसाठी कायमचा उपाय, पण इंजिन उतरवायला लागणार.

प्रोग्रॅम करता येणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन पण चर्चेत आलं. मी नको म्हटलं. ज्या गाडीत टीडीसीची खूण आणि तापमानाचा मीटर दोन्ही चुकीचे निघालेत तिथे अजून एक न दिसणारी गोष्ट कशाला घालायची.

ठरलं असं की आज टोटल 30 वर आणायचा आणि अडखळणं सहन करायचं, मग हवेच्या वाटा तपासायच्या, मग व्हॅक्युमवाला डिस्ट्रिब्युटर. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिलं काम वायर. थर्मोकपलच्याच धातूची वायर, तशाच धातूचे कनेक्टर, रिंगपासून थेट मीटरच्या पाठीपर्यंत. तांबं कुठेच नाही.

मग प्रश्न आला की आधीचा आकडा, म्हणजे 39 अंशांवरचा, मोजायचा की नाही. मालकाला घाटात जाऊन बघायचं होतं, “एकदाच जाऊ, कळेल तरी खरं किती होतं.” मी साफ नाही म्हटलं. ज्या हेडचा व्हॉल्व्ह लांबत असल्याची शंका आहे ते मुद्दाम तापवून बघायचं म्हणजे वेडेपणा. तडजोड म्हणून सपाट रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये 80 च्या स्थिर वेगाने थोडाच वेळ चालवून घेतली, मीटर 196 वर येऊन थांबला. सपाटीवर 196. घाटाचा अंदाज तुम्हीच करा.

टोटल 30 वर आणल्यावर तोच रस्ता, तोच वेग, हवा साधारण तशीच: 178. मग घाट, आणि तिथे वरच्या टोकाला 203. चालण्यासारखं, पण काठावरचं. अडखळणं अर्थातच परत आलेलं, मालक वैतागलेला.

मग हवेच्या वाटा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. या इंजिनात खालची तापलेली हवा आणि वरची थंड हवा यांच्यामध्ये पत्रे आणि रबर आहेत, ते सगळे असले तरच फॅन थंड हवा ओढतो, नाहीतर सिलेंडरवरून आलेली आणि सायलेन्सरची गरम हवाच फिरून परत फॅनमध्ये जाते. या गाडीत इंजिनभोवतीचं रबर एका बाजूने जवळजवळ हातभर गायब होतं, तीन आणि चार नंबरच्या प्लगच्या वायरींवरचे रबरी सील पत्र्यात बसलेलेच नव्हते, म्हणजे फॅनने दिलेली हवा सिलेंडरवरून जाण्याऐवजी त्या भोकांतून बाहेर. सिलेंडरच्या खाली पंखांना हवा चिकटवून नेणारे पत्रे मात्र जागेवर होते, नशीब. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर दोन-अडीच सेंटीमीटर आत जात होता, तो दीडवर आणला, कारण या गाडीत बेल्ट घसरला म्हणजे फॅनच घसरला. थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा चालू होत्या. एवढं झाल्यावर त्याच घाटात 194.

टायमिंगवर इतकी डोकेफोड झाल्यावर नऊ अंश कुठून मिळाले तर रबराच्या पट्टीतून.

मध्येच एक मोह

या टप्प्यावर मेकॅनिकने सुचवलं की 30 ने एवढा फरक पडला तर अजून मागे घेऊ, 26 करू, अजून थंड होईल. मालकालाही पटलं आणि करून बघितलं. प्लगखालचा मीटर खरंच चार-पाच अंशांनी उतरला. पण त्याच घाटात तोच वेग ठेवायला पाय जास्त दाबावा लागत होता, ऑइल उलट थोडं वाढलं, आणि उतरल्यावर सायलेन्सरजवळ हात नेववेना इतकी धग.

टायमिंग फार मागे गेलं की मिश्रण उशिरा जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही जळतच असतं, ती उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी व्हॉल्व्हवरून आणि हेडच्या एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडते. प्लगखालच्या रिंगला हे नीट दिसत नाही, ती पोर्टपासून लांब आहे. म्हणजे मीटरवरचा आकडा कमी झाला म्हणून आपण खूश आणि ज्या व्हॉल्व्हची काळजी त्यालाच आपण भाजतोय. परत 30 वर आणलं. मीटर कमी दाखवतोय हे पुरेसं नाही, तेवढ्याच कामाला थ्रॉटल किती लागतोय आणि ऑइल काय म्हणतंय हे बरोबरीने बघावं लागतं.

निकाल

शेवटी एका नळीचा व्हॅक्युम डिस्ट्रिब्युटर आला. नळी काढून तोंड बंद करून टोटल 30 वर लावला, मग नळी जोडली. अडखळणं गेलं, पूर्ण गेलं, कार्बोरेटरला हातही न लावता. घाटात 192, म्हणजे आधीसारखंच, आणि सपाटीवर 80 ला 174.

गंमत अशी की सपाटीवर हलक्या पायाने चालताना लाईटने मोजलं तर आता टायमिंग 40 च्या आसपास दिसतं. म्हणजे जो आकडा घाटात हेड जाळत होता तोच इथे निरुपद्रवी. कारण थ्रॉटल थोडाच उघडा असताना सिलेंडरमध्ये माल कमी भरतो, तो हळू जळतो, त्याला लवकर पेटवावं लागतं, आणि दाब मुळातच कमी असतो. पाय दाबला की व्हॅक्युम पडतो आणि ते जादाचे अंश आपोआप निघून जातात. 009 चं टायमिंग पुढे नेऊन जे साधायचा प्रयत्न होता ते हा डिस्ट्रिब्युटर फक्त हवं तेव्हाच करतो.

ऑइल घाटात आता 107-108. जादाचा कूलर घेतलाच नाही. चालवण्यातही एक बदल केला, चढावर टॉपमध्ये ओढत न्यायची नाही, वेळेवर तिसरा टाकायचा आणि आरपीएम 3000 च्या वर ठेवायचे, कारण फॅन बेल्टवर आहे, इंजिन जितकं फिरेल तितकी हवा, आणि लोड पण कमी. वर पोचल्यावर लगेच किल्ली बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवायची, इंजिन थांबलं की फॅनही थांबतो.

काय वेगळं करता आलं असतं

मेकॅनिकला मी फार दोष देत नाही, त्याने लाईट लावली होती, अर्धे लोक तेही करत नाहीत, कानाने लावतात. पण डिस्ट्रिब्युटर नवा बसवला त्याच दिवशी आरपीएम वर नेऊन टोटल बघितला असता तर खुणा चुकीच्या असूनही 36 दिसले असते आणि तिथेच कुणीतरी थांबलं असतं. अडखळणं हे कार्बोरेटर-डिस्ट्रिब्युटरच्या जोडीचं दुखणं होतं, ते टायमिंग फिरवून दाबलं गेलं हा या प्रकरणातला पहिला वाकडा पाय.

मीटर गरम गाडीत तपासायला हवा होता. थंड गाडीत उकळतं पाणी ही चाचणी रिंग ठीक आहे एवढंच सांगते, वायरिंगबद्दल काही सांगत नाही. इंजिन तापलेलं असताना हातातल्या दुसऱ्या थर्मोकपल मीटरने त्याच प्लगपाशी एकदा ताडून बघितलं असतं तरी फरक लगेच दिसला असता.

एकाच सिलेंडरवर एकच सेन्सर हेही मला अपुरं वाटतं. एक नंबरवर दुसरी रिंग असती तर एक 175 आणि तीन 205 असा फरक बघून हवेच्या वाटेचा संशय आधीच आला असता. एकट्या आकड्यावरून हे कळत नाही, दोघांतल्या फरकावरून कळतं.

आणि एका मुद्द्यावर मालकाचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तीन नंबरचा एक्झॉस्ट टॅपेट परत 0.15 ला लावला, पुढच्या दोन तपासण्यांत तो हलला नाही, म्हणजे लांबणं थांबलंय असं दिसतं. लीक-डाउन टेस्टमध्ये (सिलेंडरमध्ये हवा भरून ती किती टिकते ते बघतात त्यात) मात्र तीन नंबर इतरांपेक्षा थोडा कमीच आहे आणि हवा सायलेन्सरकडून ऐकू येते. माझं म्हणणं, हेड काढून तो व्हॉल्व्ह बदलून टाकावा, एकदा लांबलेल्या व्हॉल्व्हवर भरवसा नाही, आणि व्हॉल्व्हचं डोकं तुटलं तर पिस्टन, हेड, कदाचित केसिंगही जातं, शिवाय इंजिन उतरतंय तर त्याच वेळी मागे कूलर असलेलं हाउसिंग पण बसेल. मालकाचं म्हणणं, गाडी मस्त चालतेय, दर वेळी टॅपेट बघतोच आहे, गॅप परत कमी झाली तर त्या दिवशी इंजिन खाली.